सात इंची रेकॉर्ड : जगात खेळणं, आपल्याकडे गरज

आजच्या भागात आपण एका वस्तूबद्दल बोलणार आहोत. ती आहे तळहाताहून जरा मोठी, काळी, गोल, मधे कागदी लेबल आणि वजन एवढं कमी की शर्टाच्या आत लपवून नेता येईल. सात इंचांची रेकॉर्ड. कुणी तिला ईपी म्हणतं, कुणी फॉर्टीफाइव्ह, आणि आमच्या भिवंडीतले जुने लोक म्हणतात ‘छोटी रेकॉर्ड’.

मी दिवसा कोड लिहितो आणि सुट्टीच्या दिवशी भंगारात हात काळे करतो. गेल्या पाच वर्षांत माझ्याकडे दीडशेच्या आसपास छोट्या रेकॉर्ड आणि तीन पोर्टेबल प्लेअर जमा झालेत. त्यातला एक नीट वाजतो, एक मूड असेल तेव्हा वाजतो आणि तिसरा सुट्या भागांसाठी ठेवलाय. लोक विचारतात, ‘अरे, फोनवर सगळं मिळतं ना?’ आजचा भाग म्हणजे या प्रश्नाचं उत्तर आहे. कारण सगळं मिळत नाही. आणि जे मिळत नाही त्यातलं बरंच काही या सात इंचांवर आहे. असं का झालं, त्याला एक इतिहास आहे. तोच आज सांगतो.

तबकडीचा जन्म

पहिली गंमत. आपल्याला वाटतं की आधी मोठी रेकॉर्ड आली आणि मग कुणीतरी ती लहान केली. प्रत्यक्षात उलट आहे. एमिल बर्लिनर या जर्मन-अमेरिकन माणसाने 1887 साली सपाट तबकडीच्या ग्रामोफोनचं पेटंट घेतलं. त्याआधी एडिसनचा फोनोग्राफ होता, पण त्याचा आवाज नळकांड्यावर कोरलेला असायचा. बर्लिनरची तबकडी लोकांच्या हातात पहिल्यांदा आली ती खेळण्याच्या दुकानातून. कॅमर अँड राइनहार्ट ही जर्मनीतली बाहुल्या आणि खेळणी बनवणारी कंपनी. तिने 1890च्या आसपास हाताने फिरवायचा छोटा ग्रामोफोन विकायला काढला. तबकडी होती जेमतेम पाच इंचांची. मोटर नाही, स्प्रिंग नाही. पोराने दांडा जोरात फिरवला की गायक चिरकणार, हळू फिरवला की म्हातारा होणार.

म्हणजे ज्या वस्तूने पुढे शंभर वर्षं संगीताचा धंदा चालवला, ती बाजारात आली खेळणं म्हणून. आणि आली लहान आकारात.

आपल्याकडचं पहिलं पानही लहानच आहे. 1899 साली लंडनमध्ये काही हिंदी माणसांचे आवाज बर्लिनर पद्धतीच्या तबकड्यांवर घेतले गेले. त्या सात इंची होत्या, एकाच बाजूला आवाज असलेल्या. मग 1902 साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेसबर्ग कलकत्त्याला उतरला आणि त्या नोव्हेंबरात गौहर जानचा आवाज मुद्रित झाला. ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. गाणं संपल्यावर ती इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते, कारण तबकडी दाबायला जर्मनीत हॅनोव्हरला जायची आणि तिथल्या माणसांना कुठला आवाज कुणाचा हे कळायला हवं ना! आजच्या भाषेत, मेटाडेटा ऑडिओच्या आतच भरला होता. पण एक तपशील सहसा सांगितला जात नाही. त्या दौऱ्यात दोन मापांच्या तबकड्या झाल्या, दहा इंची आणि सात इंची.

त्या पहिल्या फेरीत सात इंची हरली. तिच्यावर फार तर दोनेक मिनिटांचं गाणं मावायचं. ख्याल, ठुमरी गाणाऱ्याला दहा इंचांवरची तीन मिनिटंच कमी पडायची, तिथे दोन मिनिटांत काय होणार? पुढची चाळीस-पन्नास वर्षं दहा इंची, लाखेची, 78च्या गतीने फिरणारी जड तबकडी राज्य करत राहिली. लाख आपलीच बरं का! छोटानागपूर, बंगालच्या जंगलांतल्या किड्यांची लाख जगभरच्या रेकॉर्डमध्ये जायची. कलकत्त्यात 1908 साली सियालदहला कारखाना निघाला आणि 1928च्या सुमारास डमडमचा मोठा कारखाना उभा राहिला. बालगंधर्वांपासून गो. ना. जोशींच्या भावगीतांपर्यंत आपल्या आजी-आजोबांनी जे ऐकलं, ते या लाखेच्या तबकड्यांवर.

थोडं गणित, घाबरू नका

आता इंजिनीअर असल्याचा थोडा फायदा घेऊ द्या.

रेकॉर्ड लहान केली की काय होतं? दोन गोष्टी. पहिली उघड आहे, वेळ कमी. दुसरी लक्षात येत नाही, आवाजाचा दर्जा. सुई खाचेतून जाताना एका सेकंदाला जेवढं अंतर कापते, तेवढी जागा त्या सेकंदाच्या आवाजाला मिळते. जास्त जागा म्हणजे जास्त बारकावा. याला सरळ बिटरेट म्हणा.

बारा इंची एलपी 33च्या गतीने फिरते. बाहेरच्या कडेला सुई सेकंदाला साधारण 51 सेंटिमीटर जाते. पण गाणी आत आत सरकतात तसा घेर लहान होतो, आणि शेवटच्या गाण्याला ती जेमतेम 21 सेंटिमीटरवर येते. म्हणून एलपीवरचं शेवटचं गाणं पुष्कळदा चोंदलेलं वाटतं. आता सात इंची घ्या. ती फिरते 45ने. बाहेर साधारण 40 सेंटिमीटर, आत 25. म्हणजे तिचा सगळ्यात वाईट क्षणही एलपीच्या सगळ्यात वाईट क्षणाहून बरा.

अमेरिकेत आरसीए कंपनीने 1949 साली ही 45ची तबकडी आणली. एक वर्ष आधी कोलंबिया कंपनीने एलपी आणली होती. दोघांत जोरदार भांडण झालं, त्याला ‘गतींचं युद्ध’ म्हणतात. शेवटी तह झाला. लांब संगीत एलपीवर, सुटं गाणं 45वर. लाख जाऊन व्हिनाइल आलं, खाच बारीक झाली, आणि पन्नास वर्षांपूर्वी हरलेली सात इंची परत आली. आता तिच्या एका बाजूला साडेतीन मिनिटांचं एक गाणं आरामात बसायचं. खाचा जवळजवळ आणल्या की दोन. एका तबकडीवर चार गाणी, तीच ईपी.

आता हेच गणित आणखी लहान आकाराला लावा. तीन इंची तबकडी 33ने फिरवली तर सुई बाहेरच्या कडेलाच सेकंदाला बारा-तेरा सेंटिमीटर जाते. आवाज डब्यात बसून गायल्यासारखा येणार. यावरून एक नियमच काढता येतो. सात इंचांच्या खाली रेकॉर्ड गेली की ती गंमत होते.

खिशातल्या तबकड्या

आणि जगाने ती गंमत भरपूर केली. भराभर सांगतो.

जर्मनीच्या श्टोल्व्हेर्क कंपनीने 1903 साली चॉकलेटच्या रेकॉर्ड काढल्या. आठ सेंटिमीटरच्या, छोट्या पत्र्याच्या प्लेअरवर वाजणाऱ्या. ऐका, मग खा. 1924 साली स्वित्झर्लंडच्या पायार कंपनीने मिकीफोन केला. मोठ्या खिशातल्या घड्याळासारखा दिसणारा हा ग्रामोफोन घडी घालून खिशात जायचा. 1960च्या सुमारास अमेरिकेत मॅटेल कंपनीची बोलणारी बाहुली आली. दोरी ओढली की तिच्या पोटातली चिमुकली रेकॉर्ड फिरायची. 1967 साली फिल्को-फोर्डने ‘हिप पॉकेट’ रेकॉर्ड आणल्या, चार इंचांहून किंचित लहान, वाकणाऱ्या, पँटच्या मागच्या खिशात जाणाऱ्या. किंमत 69 सेंट. दोन वर्षांत खेळ खलास. आज परदेशात लोक याच संग्रहासाठी शोधत असतात.

आपल्या शेजारचा नमुना तर जगात एकटाच आहे. भूतानने 1970च्या दशकाच्या सुरुवातीला वाजणारी पोस्टाची तिकिटं काढली! खरीखुरी रेकॉर्ड, मागे गोंद. प्लेअरवर ठेवली की भूतानचं राष्ट्रगीत, लोकगीतं आणि देशाची माहिती ऐकू यायची. बर्ट टॉड नावाच्या अमेरिकन माणसाच्या डोक्यातून निघालेली ही कल्पना. तिकीटसंग्राहक तेव्हा हसले होते, आज तीच तिकिटं महाग आहेत.

अलीकडचंही सांगतो. जपानच्या बांदाई कंपनीने 2004 साली आठ सेंटिमीटरच्या रेकॉर्ड आणि त्यांचा खेळण्यातला प्लेअर काढला, आणि 2019 साली अमेरिकेत तीन इंची रेकॉर्ड पुन्हा निघाल्या.

या सगळ्यात एक अपवाद मला फार आवडतो. 1914 साली अमेरिकेत ‘लिटल वंडर’ नावाची साडेपाच इंची रेकॉर्ड निघाली. दहा सेंटना. जेमतेम दीड मिनिटाचं गाणं, पण ज्याला मोठी रेकॉर्ड परवडत नाही त्याच्यासाठी. बाकीच्यांनी रेकॉर्ड लहान केली ती मौज म्हणून. हिने लहान केली ती स्वस्त व्हावी म्हणून. आपल्याकडची सात इंची या लिटल वंडरची नात शोभते.

सेल घाला, सुई ठेवा

आता भारतात येऊ. 45 अमेरिकेत आली 1949ला, पण आपल्याकडे 78ची लाखेची तबकडी 1960चं दशक बरंचसं सरेपर्यंत निघत होती. पुरावा हवा? बीटल्सची गाणी 78वर ऐकायची असतील तर ती बहुतेक भारतात दाबलेलीच शोधावी लागतात. 1965च्या आसपासपर्यंत ती इथे निघाली. इंग्लंड-अमेरिकेत तेव्हा 78 बंद झालेली होती. परदेशी संग्राहक आज या भारतीय बीटल्ससाठी जीव टाकतात.

आपण एवढे मागे का होतो? आपण मागे नव्हतो, आपल्याकडे वीज नव्हती. खेड्यात चावीचा फोनो होता. एचएमव्ही 102सारखी पेटी, चावी द्या, सुई ठेवा, वाजव. त्याची जाड पोलादी सुई आणि जड डोकं व्हिनाइलच्या बारीक खाचेवर ठेवलं तर एका फेऱ्यात रेकॉर्डची वाट. शिवाय बारीक खाचेतला आवाज मोठा करायला ॲम्प्लिफायर लागतो, आणि ॲम्प्लिफायरला वीज. त्यामुळे जिथे चावीचा फोनो तिथे 78च.

ही कोंडी फोडली ट्रान्झिस्टरने. सेलवर चालणारा छोटा ॲम्प्लिफायर शक्य झाला आणि त्याबरोबर सेलवर चालणारा पोर्टेबल रेकॉर्ड प्लेअर. एचएमव्हीचा ‘फिएस्टा’ ज्यांच्या घरी होता त्यांना नुसतं नाव ऐकून हसू येईल. प्लॅस्टिकची सूटकेस, झाकण उघडलं की आत थाळी आणि छोटा दांडा. या प्लेअरची थाळी लहान असते. बारा इंची एलपी ठेवली की ती चारी बाजूंनी बाहेर लोंबते, टोपी मोठी झालेल्या पोरासारखी. सात इंची मात्र मापात बसते. हे यंत्र आणि ही तबकडी एकमेकांसाठीच होती.

आता सात इंची कोण घेत होतं ते बघा. शहरातला नोकरदार घ्यायचाच. पण दोन गिऱ्हाईकं वेगळी होती.

पहिला स्पीकरवाला. लग्न, जत्रा, गणपती, जयंती, सत्यनारायण, सगळीकडे कर्णा बांधून रेकॉर्ड लावणारा माणूस. त्याला एलपी गैरसोयीची. लोक म्हणणार अमुक गाणं लाव, आणि ते बाराव्या मिनिटाला असणार. ईपी पटकन बदलता येते, ट्रंकेत शंभर बसतात, एक फुटली तर चारच गाणी जातात. आपल्या दोन-तीन पिढ्यांनी गाणी ‘विकत घेतली’ नाहीत, ती कर्ण्यातून ऐकली. त्या कर्ण्याच्या मागे बहुतेक वेळा सात इंची फिरत असायची.

दुसरा गिऱ्हाईक म्हणजे कामगार. आमच्या आळीत एक काका आहेत, पंच्याहत्तरीच्या पुढचे. सगळी हयात यंत्रमागावर गेली. माझ्या संग्रहातल्या अकरा रेकॉर्ड त्यांच्याकडून आल्यात. त्यांनी मला सांगितलं, ‘बाळा, मोठी रेकॉर्ड म्हणजे शेठ लोकांचं काम. आम्ही दिवाळीचा बोनस झाला की छोटी घ्यायचो. चौघांत एक पेटी होती, खोली एक, रेकॉर्डी ज्याच्या त्याच्या. रात्रपाळी सुटली की कानात मागाचाच आवाज असतो तासभर. तो जायला गाणं लागायचं.’ मी विचारलं, पेटी कुठे गेली? म्हणाले, ‘पेटी विकली. रेकॉर्डी कोण घेतंय!’ पेटी गेल्यावर चाळीस वर्षं त्यांनी त्या अकरा रेकॉर्ड साड्यांच्या खोक्यात उभ्या ठेवल्या होत्या. वाजवायला काही नसताना.

कुणाची गाणी?

इथे आजचा मुख्य मुद्दा येतो.

एलपी महाग, करायलाही महाग. त्यामुळे कंपनी एलपी काढणार नावाजलेल्यांची. शास्त्रीय गवई, गाजलेले सिनेमे, मोठी नाट्यगीतं. जो गायक चालेल की नाही माहीत नाही, त्याच्यावर कंपनी दोन किंवा चार गाण्यांपुरताच डाव लावणार. तो डाव म्हणजे सात इंची. म्हणून मराठी ईपी चाळल्या की एक वेगळाच महाराष्ट्र दिसतो. कोळीगीतं, लावण्या, पोवाडे, गवळणी, भीमगीतं, पीरबाबाच्या कव्वाल्या, तमाशातल्या बतावण्या.

प्रल्हाद शिंदे घ्या. मूळ मंगळवेढ्याचे, राहायला आमच्या शेजारी कल्याणात. सुरुवात कव्वालीच्या कोरसात केली. मग एकाच गळ्याने विठ्ठलही गायला, बाबासाहेबही गायले आणि कव्वालीही. त्यांची काही गाणी आज प्रत्येक ॲपवर आहेत, आषाढीला तर सुटका नाही. विठ्ठल उमप घ्या. कोळीगीत, भीमगीत, लोकनाट्य, सगळीकडे तो आवाज. 2010 साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर मंचावरच ते गेले. शाहीर साबळे घ्या. ही मोठी नावं झाली, त्यांची गाणी टिकली.

पण त्याच ट्रंकेत, त्याच मापाच्या तबकड्यांवर ज्यांनी आयुष्यात एकदाच स्टुडिओचा माइक बघितला अशी माणसंही आहेत. ‘अमुक तमुक आणि पार्टी’ एवढंच लेबलवर लिहिलेलं. गायकाचं नाव आहे, कवीचं आहे. ढोलकी कुणाची, बुलबुलतरंग कुणाचं, कोरसात कोण? काही नाही. माझ्याकडच्या अशा रेकॉर्डपैकी एकोणीस रेकॉर्डवरचं एकही गाणं मला कुठल्याही ॲपवर सापडलेलं नाही. गायकाचं नाव वेगवेगळ्या स्पेलिंगने टाकून बघितलं, गाणं ओळखणारी ॲप फोनवर लावून बघितली. फोन तीन वेळा फिरतो आणि ‘काही सापडलं नाही’ म्हणतो.

उगाच गौरव नको, म्हणून हेही सांगतो. त्या काळात भारतात रेकॉर्डचा धंदा बराचसा एकाच कंपनीच्या हातात होता. 1969 नंतर पॉलिडोर आली, तरी दरवाजा अरुंदच. जे आत गेले त्यांच्यामागे बाहेर राहिलेले किती होते, याचा हिशोब कुणाकडेच नाही. सात इंची म्हणजे त्या दरवाज्यातली छोटी खिडकी होती, इतकंच. पण खिडकी होती.

कॅसेट आली, माग आले

मग कॅसेट आली. आखातात कामाला गेलेली माणसं टू-इन-वन घेऊन परतू लागली. 1980च्या दशकात टी-सिरीजसारख्या कंपन्यांनी कॅसेट एवढी स्वस्त केली की गावोगावचा गायक स्वतःची कॅसेट काढू लागला. खिडकीचं थेट मैदान झालं. हे चांगलंच झालं, त्यात दुःख नाही. पण सात इंचीचं काम संपलं. जुन्या ईपींवरचं जे खपेल असं वाटलं ते कॅसेटवर आलं. जे वाटलं नाही ते तिथेच राहिलं.

भिवंडीत याच वर्षांत दुसरीही गोष्ट घडत होती. 18 जानेवारी 1982ला मुंबईत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. गिरण्या थंडावल्या, काम भिवंडीच्या यंत्रमागांकडे सरकलं. आमचं गाव मुळात विणकरांचं. उत्तरेतून आलेले मोमीन, तेलंगणातून आलेले पद्मशाली, कोकणातली, देशावरची माणसं. आणि इथले कितीतरी माग म्हणजे मुंबईच्या गिरण्यांनी काढून टाकलेले जुने माग. मुंबईने ज्याला भंगार म्हटलं त्यावर भिवंडीने संसार केला. मला वाटतं, म्हणूनच इथल्या माणसाला जुनं यंत्र बघितलं की ते फेकायच्या आधी उघडून बघावंसं वाटतं.

आज माग कमी होतायत. अंजूरफाट्यापासून माणकोलीपर्यंत गोदामं उभी आहेत. तुम्ही फोनवरून मागवलेला ब्लूटूथ स्पीकर कदाचित आमच्याच गावातून तुमच्याकडे येतो. आणि रिकाम्या होणाऱ्या जुन्या खोल्यांतून, माळ्यांवरून रेकॉर्ड उतरतात, त्या जातात भंगारात. तिथे हिशोब सोपा. प्लेअरच्या मोटरमधलं तांबं काढायचं, बाकी कचरा. व्हिनाइल म्हणजे शेवटी पीव्हीसी, ते प्लॅस्टिकच्या ढिगात. एका चाचांनी मला पोतंभर रेकॉर्ड दाखवून विचारलं होतं, ‘गाना सुनना है, या वजन करूँ?’

गोळा करायच्या असतील तर

आता कामाच्या गोष्टी. ऐकून कुणाला खाज सुटली असेल तर हे लक्षात ठेवा.

प्लेअर घेताना चार गोष्टी बघा. एक, मोटर आणि थाळी यांच्यामधला रबर. रबरी चाक असेल तर ते कडक होऊन घसरतं, पट्टा असेल तर तो चिकट होतो. हे बदलता येतं. दोन, सुईमागचं कार्ट्रिज. जुन्या स्वस्त प्लेअरमध्ये रोशेल सॉल्ट नावाच्या स्फटिकाची कार्ट्रिज असायची. दमट हवेत तो स्फटिक मरतो. ठाणे जिल्ह्यातला पावसाळा आठवा. त्यामुळे ‘सगळं चालू आहे पण आवाज येत नाही’ असा प्लेअर दिसला की बहुतेक तेच. सिरॅमिक कार्ट्रिज लावून काम होतं. तीन, सुईला दोन बाजू असतील तर जाड बाजू 78साठी, बारीक 45 आणि एलपीसाठी. उलटी लावली की खाच गेली. चार, सेलच्या डब्यातला हिरवा गंज. व्हिनेगरचा बोळा फिरवा, कोरडं करा, मग पुढचं.

आणि एक नियम. ज्या रेकॉर्डची दुसरी प्रत मिळणार नाही, ती जुन्या पोर्टेबलवर वाजवू नका. त्याचं डोकं जड असतं, प्रत्येक फेऱ्यात खाच थोडी खरवडली जाते. अशी रेकॉर्ड चांगल्या टर्नटेबलवर, नव्या सुईने, एकदाच नीट वाजवून कॉम्प्युटरवर घ्या. पोर्टेबल वाजवायचा तो सिनेमाच्या गाण्यांवर, ज्यांच्या हजारो प्रती आहेत.

धुण्यासाठी डिस्टिल्ड वॉटर, थेंबभर सौम्य साबण, मऊ कापड. खाचेच्या दिशेनेच पुसायचं, लेबल कोरडं ठेवायचं. लाखेच्या 78ला स्पिरिट चुकूनही लावू नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, गाणं तुमच्या कापडाला चिकटेल. आणि रेकॉर्ड नेहमी उभ्या ठेवायच्या, काकांनी ठेवल्या तशा.

बॅकअप कुणाकडे आहे?

आमच्या धंद्यात एक साधा प्रश्न विचारतात. या डेटाची दुसरी प्रत कुठे आहे? उत्तर ‘नाही’ असेल तर तो डेटा गेलाच समजायचा, फक्त तारीख ठरायची बाकी.

लाखेच्या काळातल्या रेकॉर्डसाठी काही लोकांनी हा प्रश्न वेळेवर विचारला. मुंबईत 1990 साली ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ सुरू झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेले डॉ. सुरेश चांदवणकर यांनी तिच्यासाठी वर्षानुवर्षं याद्या, लेख, श्रवणसभा असं काम केलं. ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे तिचं नियतकालिक. आज जुन्या 78बद्दल आपल्याला जे ठामपणे सांगता येतं, त्यामागे अशा संग्राहकांचे कष्ट आहेत.

ईपीचं तसं झालेलं नाही. त्या ना एवढ्या जुन्या की मान मिळावा, ना एवढ्या नव्या की कुणी स्वतःहून अपलोड कराव्यात. शिवाय कायदा. आपल्या 1957च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यानंतरच्या वर्षापासून 60 वर्षं राहतो. म्हणजे 1964ला निघालेली रेकॉर्ड 2025पासून मोकळी. पण तेवढ्याने भागत नाही. गाण्याचे शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा, कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षांपर्यंतचा. मराठी ईपीचा सगळ्यात भरीचा काळ 1965 ते 1980. म्हणजे ज्या रेकॉर्ड आज भंगारात जातायत, त्यातल्या बहुतेक मोकळ्या व्हायला अजून वर्षं आहेत. हक्क ज्याचा त्याला त्या विकायच्या नाहीत, आणि ज्याच्याकडे वस्तू आहे त्याला जाहीर वाजवायचा हक्क नाही. अशा मधल्या जागेत गाणी मरतात. कुणी मारत नाही, नुसती मरतात.

म्हणून मी काय करतो ते सांगतो. माझ्या एकोणीस रेकॉर्ड मी डिजिटल करून ठेवल्यात. अपलोड केलेल्या नाहीत, एक प्रत माझ्याकडे आणि एक दुसऱ्या शहरात मित्राच्या डिस्कवर. पण माहितीवर असं बंधन नाही. गायक, कवी, संगीतकार, कंपनी, रेकॉर्डचा नंबर, सुई संपते तिथे गुळगुळीत पट्टीवर खरडलेला मॅट्रिक्स नंबर, हे सगळं मी एका साध्या स्प्रेडशीटमध्ये भरतोय. उद्या कुणी आपल्या आजोबांचं नाव शोधलं तर निदान एवढं तरी सापडेल की हा माणूस होता, त्याने अमुक साली दोन गाणी गायली आणि त्याची तबकडी अजून फुटलेली नाही.

काकांच्या खोक्यातल्या एका रेकॉर्डवर ‘आणि पार्टी’ लिहिलंय. त्या पार्टीतला टाळीचा आवाज फार घट्ट आहे, सात-आठ माणसं असावीत. त्यांतलं एकही नाव मला अजून कळलेलं नाही. काकांनी दोन जणांकडे चौकशी लावलीय.

तुमच्याकडून एवढंच हवंय. घरी, मामाकडे, गावच्या माळ्यावर, बंद पडलेल्या स्पीकरवाल्याच्या दुकानात सात इंची रेकॉर्ड असतील तर विकायच्या किंवा टाकायच्या आधी दोन्ही बाजूंच्या लेबलचे स्पष्ट फोटो काढा. आणि त्या वाजवणारं माणूस अजून घरात असेल तर त्याच्या शेजारी बसून फोनचा रेकॉर्डर चालू करा. गाण्याबद्दल नाही, ते कुठे बसून ऐकायचे, कुणाबरोबर ऐकायचे, एवढंच विचारा. बाकीचं ती माणसं आपोआप सांगतात.

आजच्यापुरतं इथेच थांबतो. पुढच्या भागात भेटू. तोवर ऐकत राहा, आणि रेकॉर्डी उभ्या ठेवा.